हेन्री ड्रेफस: लाइक्ससाठी नाही, माणसांसाठी डिझाइन करणारा माणूस

तुमच्या फोनवरचा कॉल करायचा हिरवा आयकॉन एकदा नीट बघा. त्यात एक वाकडा, दोन्ही टोकांना फुगलेला रिसीव्हर आहे. तुमच्यापैकी अनेकांनी असा रिसीव्हर कधी हातातही धरला नसेल. तरी त्या चित्राचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. अमेरिकेत असा रिसीव्हर असलेला फोन घरोघरी पोचवला तो मुख्यतः दोन मॉडेल्सनी. आणि त्या दोन्हींच्या मागे, टेलिफोन कंपनीच्या इंजिनिअर्सच्या शेजारी बसून काम करणारा एक डिझायनर होता. त्याचं नाव हेन्री ड्रेफस.

ड्रेफस १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मला आणि १९७२ मध्ये गेला. स्मार्टफोन त्याने पाहिला नाही, अ‍ॅप हा शब्दही ऐकला नसेल. पण आपण आज ज्याला यूएक्स म्हणतो, ते काम तो हा शब्द यायच्या कितीतरी आधी करत होता.

त्याच्याबद्दल मी वाचायला लागलो ते एका चुकीमुळे. चूक आमच्या टीमची होती आणि त्यातला कोड माझा होता.

आमचं अ‍ॅप औषध दुकानदारांसाठी होतं. मेडिकलवाल्यांनी फोनवरून होलसेलरला ऑर्डर टाकायची, एवढं साधं काम. गेल्या वेळचीच ऑर्डर परत टाकायची असेल तर एक मोठं बटण होतं आणि त्यावर मराठीत तसं लिहिलेलं होतं. नवीन डिझाइन करताना ते शब्द बटणात बसेनात. इंग्रजीत एक शब्द पुरतो, मराठीत तीन-चार लागतात. मग शब्द काढून आम्ही तिथे गोल वळलेला बाण टाकला. अक्षरं बारीक आणि फिकट राखाडी केली. भरपूर रिकामी पांढरी जागा सोडली. स्क्रीनशॉट डिझायनर मंडळींमध्ये फिरले, त्यांना खूप पसंती मिळाली. मीही खूश होतो.

आठवड्याभरात सपोर्टचे फोन वाजायला लागले. दुकानात रेंज कमी, पान उघडायला वेळ लागायचा. दुकानदारांना वाटायचं की गोल बाण म्हणजे रिफ्रेश. ते दोनदा, तीनदा दाबायचे. प्रत्येक वेळी मागची ऑर्डर कार्टमध्ये पुन्हा भरली जायची. एकाच्या दुकानात नको असलेल्या गोळ्यांचे बॉक्स येऊन पडले. ज्यांच्यासाठी अ‍ॅप होतं त्यांच्यातल्या एकालाही आम्ही ते डिझाइन आधी दाखवलं नव्हतं. दाखवलं होतं ते आमच्यासारख्याच लोकांना.

डिझायनरने डिझायनरसाठी काम करणं म्हणजे नेमकं हेच. आणि हा रोग इंटरनेटने आणलेला नाही. ड्रेफसच्या तरुणपणी तो जोरात होता.

एका गालिचाचा धडा

ड्रेफसच्या घरच्यांचा धंदा नाटकाच्या कपड्यांचं आणि सामानाचं साहित्य पुरवण्याचा. त्यामुळे त्याची सुरुवात रंगमंचावरच झाली. नॉर्मन बेल गेडिस या त्या काळच्या गाजलेल्या नेपथ्यकाराकडे तो शिकाऊ म्हणून लागला आणि ऐन विशीत न्यूयॉर्कच्या थिएटरांसाठी नेपथ्य करायला लागला.

या काळातला एक किस्सा त्याने पुढे आपल्या पुस्तकात लिहिला आहे. आयोवा राज्यातल्या सू सिटी या गावात एक नवं कोरं थिएटर होतं. इमारत झकपक, सिनेमे चांगले, तरी लोक फिरकत नव्हते. तिकिटं स्वस्त करून पाहिली, काही उपयोग नाही. लोक समोरच्या साध्या थिएटरात जायचे. ड्रेफस तिथे गेला, लोकांमध्ये उभा राहिला, त्यांचं बोलणं ऐकलं. गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी आणि कामगार. थिएटरच्या दारातच जाड, महागडा गालिचा अंथरलेला. चिखलाचे बूट घेऊन त्यावर पाय ठेवायची लोकांना लाज वाटत होती. ड्रेफसने गालिचा काढून साधी रबरी चटई टाकायला लावली. लोक यायला लागले.

गालिचा निवडणाऱ्याची निवड वाईट नव्हती. दुसऱ्या एखाद्या सजावटकाराने तो पाहिला असता तर वाहवाच केली असती. पण गालिचावरून चालणारे वेगळे होते.

मला यात आमची राखाडी अक्षरं दिसतात.

दोन वेळा दिलेला नकार

१९२० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाने ड्रेफसला बोलावलं. दुकानातल्या वस्तू बघ, ज्या कुरूप वाटतात त्या नव्याने रंगवून-सजवून दे, असं ते काम. कुठल्याही तरुण डिझायनरला अशी संधी हवीच असते. ड्रेफसने दुकानात फिरून वस्तू पाहिल्या आणि काम नाकारलं. त्याचं म्हणणं असं की वस्तू तयार झाल्यावर तिला नवं कातडं चढवणं म्हणजे डिझाइन नव्हे. ते कारखान्यात, ती बनवणाऱ्यांसोबत सुरू व्हायला हवं.

१९२९ मध्ये त्याने स्वतःचं ऑफिस थाटलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला. कामाची मारामार. अशा काळात बेल टेलिफोनची माणसं आली. भविष्यातला फोन कसा दिसेल याची कल्पना मागवण्यासाठी त्यांनी दहा कलाकार निवडले होते आणि प्रत्येकाला १००० डॉलर द्यायचं ठरवलं होतं. त्या काळात ही रक्कम मोठी होती.

ड्रेफसने विचारलं की बेलच्या इंजिनिअर्सबरोबर बसून काम करता येईल का. फोन आतून बाहेर डिझाइन व्हायला हवा, आत काय आहे आणि माणूस तो कसा धरतो हे कळल्याशिवाय बाहेरचा आकार काढता येत नाही, असं त्याचं मत. बेलला वाटलं की इंजिनिअर्समध्ये बसवलं तर कलाकाराची कल्पनाशक्ती दबेल. ड्रेफसने नकार दिला.

बाकीच्यांची चित्रं आली. दिसायला छान, पण वापरण्यासारखी नव्हती. बेलची माणसं परत ड्रेफसकडे आली, या वेळी त्याच्या अटीवर. तिथून सुरू झालेलं नातं त्याच्या आयुष्यभर टिकलं.

या गोष्टीत एक बारकावा आहे. बेलने क्लायंट म्हणून जे मागितलं होतं, ते ड्रेफसने आधी दिलंच नाही. म्हणजे साथीच्या डिझायनरांसाठी नको, तर मग क्लायंट म्हणेल तसं, असंही त्याचं नव्हतं. क्लायंटच्याही पलीकडे बसलेला एक माणूस असतो, जो ती वस्तू रोज हातात घेणार असतो. ड्रेफसला क्लायंटइतकीच त्याचीही काळजी होती.

टोक काढायच्या यंत्राला वाऱ्याचा आकार

त्या काळात बाकी मंडळी काय करत होती हे पाहिलं की ड्रेफसचं वेगळेपण कळतं.

मंदीमुळे माल खपत नव्हता. कारखानदारांना वाटलं की रूप बदललं तर खपेल. त्यातून अमेरिकेत औद्योगिक डिझायनर हा पेशा वर आला आणि स्ट्रीमलायनिंगची लाट आली. म्हणजे वस्तूला वारा कापत जाणाऱ्या थेंबासारखा आकार द्यायचा. विमानाला, रेल्वे इंजिनला त्याचा थोडाफार अर्थ होता. पण लाट आली की कुणी थांबत नाही. रेमंड लोवी या प्रसिद्ध डिझायनरने १९३३ मध्ये पेन्सिलला टोक काढायचं यंत्र त्या आकारात बनवलं. टेबलाला स्क्रूने बसवलेल्या यंत्राला कुठे वारा कापत जायचंय? ते यंत्र बाजारात आलं नाही, पण डिझाइनच्या पुस्तकांत त्याचा फोटो अजून छापतात. ड्रेफसचा गुरू बेल गेडिसने १९३२ मध्ये एक पुस्तक काढलं. त्यात प्रचंड विमानं, जहाजं, गाड्या होत्या. बहुतेक कधीच बनल्या नाहीत, पण त्यांच्या चित्रांनी अख्ख्या पिढीला वेड लावलं.

हे आजचं चित्र वाटत नाही का? कुठल्याही बँकेने न मागितलेलं बँकेचं अ‍ॅप, एकही खरा मेसेज नसलेलं मेसेजिंगचं अ‍ॅप, सगळ्या नावांत पाचच अक्षरं, सगळे फोटो देखणे. २००९ मध्ये सुरू झालेल्या ड्रिबल या साइटवर डिझायनर आपल्या कामाचा ४०० बाय ३०० पिक्सेलचा तुकडा टाकायचे. एवढ्याशा चौकोनात रंग दिसतो, सावली दिसते. नेट गेल्यावर काय होतं, नाव लांब असेल तर काय होतं, हे दिसत नाही. त्यामुळे जे दिसतं त्यावरच मेहनत होते. यात साइटचा दोष म्हणता येणार नाही. जिथे टाळ्या मिळतात तिथे आपण वळतो.

ड्रेफसही काही साधू नव्हता. तो नाटकातून आला होता, देखावा कशाशी खातात हे त्याला माहीत होतं. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेची मर्क्युरी ही गाडी त्याने १९३६ मध्ये सजवली तेव्हा इंजिनाच्या चाकांवर दिवे टाकले होते, रात्री फिरती चाकं चमकावीत म्हणून. १९३८ ची ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड ही त्याची गाडी तर त्या दशकातल्या सर्वात देखण्या गाड्यांपैकी एक. पण उगाच आकार लादण्याला त्याचा विरोध होता. स्ट्रीमलायनिंगऐवजी तो क्लीनलायनिंग म्हणायचा, म्हणजे नको ते काढून वस्तू स्वच्छ करणं.

आधी स्वतः चालवून बघायचं

एखादं काम आलं की ड्रेफस आणि त्याची माणसं आधी ती वस्तू वापरायची. शिलाई मशीन असेल तर शिवायचं. ट्रॅक्टर असेल तर शेतात जाऊन चालवायचा.

१९३७ मध्ये जॉन डिअर कंपनीला आपल्या ट्रॅक्टरला रूप द्यायचं होतं. त्यांचा इंजिनिअर न्यूयॉर्कला येऊन भेटला आणि ड्रेफस आयोवातल्या वॉटरलूच्या कारखान्यात पोचला. १९३८ मध्ये ए आणि बी ही मॉडेल्स नव्या रूपात आली. पुढचं बॉनेट निमुळतं झालं. ते दिसायला छान होतंच, पण त्यामुळे सीटवरून पिकाच्या ओळी नीट दिसायला लागल्या. पुढे १९६० मध्ये आलेल्या ट्रॅक्टरांच्या सीटसाठी पाठीच्या दुखण्याची जाणकार डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांचा सल्ला घेतला गेला. दिवसभर धक्के खाणारी पाठ शेतकऱ्याची असते, त्यामुळे सीट कशी असावी हे डॉक्टरला विचारायचं, हा विचार तेव्हा नवा होता. आज पुण्याजवळ सणसवाडीला याच कंपनीचे ट्रॅक्टर बनतात आणि आपल्या गावाकडच्या रस्त्यांवर दिसतात.

१९५१ मध्ये धावायला लागलेल्या इंडिपेंडन्स आणि कॉन्स्टिट्यूशन या जहाजांच्या खोल्या करताना त्याने न्यूयॉर्कमध्येच त्या खोल्या उभ्या केल्या आणि माणसांना सामानासकट आत राहायला लावलं. बॅग कुठे ठेवायची, कपाट उघडलं की दार अडतं का, हे कागदावर कळत नाही. आज आपण याला प्रोटोटाइप आणि यूजर टेस्टिंग म्हणतो.

त्याची अजून एक सवय प्रसिद्ध आहे. टेबलाच्या पलीकडे क्लायंट बसलेला असताना ड्रेफस स्वतःच्या बाजूने उलटं चित्र काढायचा, म्हणजे समोरच्याला ते सुलटं दिसायचं. ही जादू दाखवायला त्याला आवडत असणारच. पण तिच्यात त्याचं अख्खं कामही आहे. चित्र काढणाऱ्याच्या बाजूने नाही, बघणाऱ्याच्या बाजूने.

जो, जोसेफिन आणि एक पांढरा ठिपका

दुसऱ्या महायुद्धात ड्रेफसच्या ऑफिसने लष्करासाठी काम केलं. रणगाड्यात, तोफेच्या यंत्रावर माणूस कसा बसतो, त्याचा हात कुठवर पोचतो, हे मोजायला लागलं. ही मापं विखुरलेली होती. ऑफिसमधल्या अ‍ॅल्विन टिली या इंजिनिअरने ती गोळा करून तक्त्यांवर मांडली. त्यातून जो आणि जोसेफिन ही दोन पात्रं जन्मली: सर्वसाधारण अमेरिकन पुरुष आणि स्त्री. त्यांची चित्रं ऑफिसच्या भिंतीवर लागली. जोसेफिन इस्त्री करतेय, टेलिफोन एक्स्चेंजवर बसलीय, आणि प्रत्येक चित्रात कोपर, खांदा, डोळे यांची अंतरं. १९५५ मध्ये ड्रेफसने लोकांसाठी डिझाइन करण्याबद्दलचं आपलं पुस्तक काढलं, त्यात या दोघांची ओळख जगाला झाली.

दरम्यान फोनचं काम चालूच होतं. १९३७ चं ३०२ मॉडेल आलं तेव्हा घंटीचा वेगळा डबा जाऊन घंटी फोनच्या पोटात आली. याचं रूप पूर्णपणे ड्रेफसच्या डोक्यातून आलं नव्हतं, स्वीडनच्या एरिक्सन कंपनीचा काही वर्षं आधीचा फोन तसाच होता. मग १९४९ च्या सुमारास आलं ५०० मॉडेल. जुना रिसीव्हर खांद्यावर धरला की गोल फिरायचा. नव्याची पाठ सपाट केली, म्हणजे मान वाकवून तो धरला तरी हात मोकळे राहतील. बेल फोन विकत नव्हती, भाड्याने द्यायची. दुरुस्तीचा खर्च कंपनीचा. त्यामुळे दुकानात उठून दिसण्यापेक्षा वर्षानुवर्षं टिकणं महत्त्वाचं होतं. त्या फोनमुळे कुठल्या डिझायनरला हेवा वाटेल असं त्यात काही नव्हतं. तो कोट्यवधी घरांत गेला आणि १९८० च्या दशकापर्यंत बनत राहिला.

त्याच फोनमधली एक गंमत सांगतो. आधी आकडे डायलच्या भोकांच्या आत असायचे. बोट घातलं की झाकायचे, घासून पुसटही व्हायचे. ५०० मध्ये ते चाकाच्या बाहेर, मोठे करून छापले. कुणालाही वाटेल की आता नंबर फिरवणं सोपं होणार. पण चाचणीत उलटं दिसलं, लोकांना वेळ जास्त लागायला लागला. कारण चाक परत फिरून येत असताना नजरेला धरायला काही उरलं नव्हतं. बेल लॅब्समधले मानसशास्त्रज्ञ जॉन कार्लिन यांच्या गटाने प्रत्येक भोकाच्या मध्ये खाली एक पांढरा ठिपका द्यायला सुचवलं. ठिपका दिला, वेळ परत कमी झाला.

इतका विचार करणारी टीमसुद्धा चुकली. फक्त त्यांची चूक चाचणीत सापडली, आमची दुकानात सापडली.

१९६५ मध्ये त्याच्या ऑफिसने केलेला ट्रिमलाइन फोन आला. त्यात डायलही रिसीव्हरमध्येच गेली. ऐकणं, बोलणं आणि नंबर लावणं एकाच हातात. पुढे मोबाइलने हेच केलं.

भिंतीवर वाकडं न दिसणारं यंत्र

त्याच्या कामातलं माझं सर्वात आवडतं म्हणजे १९५३ चा हनीवेलचा गोल थर्मोस्टॅट. थंड देशांत घराचं तापमान ठरवणारं हे भिंतीवरचं यंत्र. आधी ते चौकोनी डब्यासारखं असायचं आणि बसवणाऱ्याचा हात हलला की भिंतीवर तिरकं दिसायचं. गोल वस्तू तिरकी दिसूच शकत नाही. तापमान बदलायला फक्त कडं फिरवायचं. वरचं झाकण निघायचं, म्हणजे भिंतीच्या रंगात रंगवता यायचं. किती डिझायनर आपल्या वस्तूला गिऱ्हाइकाने भिंतीचा रंग लावावा, ती दिसेनाशी करावी, अशी सोय मुद्दाम ठेवतील? २०११ मध्ये आलेला नेस्टचा स्मार्ट थर्मोस्टॅटही गोलच होता आणि कडं फिरवूनच चालायचा.

वस्तू तपासायला ड्रेफसने पाच कसोट्या ठरवल्या होत्या. पहिली, वापरायला सोयीची आणि सुरक्षित आहे का. दुसरी, देखभाल सोपी आहे का. तिसरी, खर्च किती. चौथी, विकली जाईल का. पाचवी, दिसते कशी. दिसणं यादीत आहे, पण शेवटी. स्क्रीनशॉटमध्ये मात्र फक्त पाचवी कसोटी मावते.

डिझायनरांसाठी त्याने काय केलं

इथपर्यंत वाचून वाटेल की ड्रेफसला बाकीच्या डिझायनरांशी काही घेणं-देणं नव्हतं. तसं मुळीच नाही. अमेरिकेतल्या औद्योगिक डिझायनरांच्या संघटना बांधण्यात तो पुढे होता आणि १९६५ मध्ये त्यांची एकत्रित संस्था झाली तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष तोच होता. आणि आयुष्याच्या उत्तरार्धातली त्याची दोन मोठी कामं थेट डिझायनरांसाठीच होती.

पहिलं म्हणजे १९६० मध्ये काढलेले मानवी मापांचे तक्ते. ऑफिसच्या भिंतीवरची माहिती, जी इतकी वर्षं त्याच्या धंद्याची पुंजी होती, ती त्याने सगळ्यांना खुली केली. त्यात फक्त सरासरी माणूस नव्हता, लहान आणि मोठ्या चणीच्या माणसांचीही मापं होती. हे फार महत्त्वाचं. १९५२ मध्ये अमेरिकन हवाई दलातल्या गिल्बर्ट डॅनियल्स यांनी ४०६३ जणांची मापं तपासली होती. दहा मापांत सरासरीच्या आसपास बसणारा त्यात एकही जण नव्हता. सरासरी माणसासाठी केलेली सीट म्हणजे कुणासाठीच न केलेली सीट.

दुसरं काम १९७२ चा चिन्हांचा कोश. कुठल्याही भाषेच्या माणसाला कळावीत अशी, यंत्रांवरची, रस्त्यांवरची, शास्त्रांतली चिन्हं त्याने आणि त्याच्या ऑफिसने वर्षानुवर्षं गोळा केली. त्यात विषयानुसार चिन्हं आहेत आणि आकारानुसारही, म्हणजे एखाद्या चिन्हाचा अर्थ माहीत नसेल तरी आकारावरून शोधता येतं. गोल वळलेल्या बाणाचे किती अर्थ होऊ शकतात हे अशा कोशातून आम्ही आधी बघायला हवं होतं.

डिझायनरने डिझायनरसाठी काम करणं वाईट नाही, फक्त आपण एकमेकांना काय देतो यावर सगळं आहे. आम्ही एकमेकांना चकचकीत चित्रं देत होतो आणि वाहवा घेत होतो. ड्रेफसने आपल्या जातभाईंना वापरणाऱ्या माणसाची मापं दिली.

शेवट

या सगळ्यात डोरिस मार्क्स हे नाव येत राहतं. ड्रेफसच्या धंद्याची बाजू तिने सांभाळली, १९३० मध्ये दोघांचं लग्न झालं, आणि ऑफिस जितकं त्याचं तितकंच तिचं होतं. शेवटी ती असाध्य आजारी होती. ५ ऑक्टोबर १९७२ रोजी कॅलिफोर्नियातल्या साउथ पॅसाडेना इथल्या घरी दोघांनी एकत्रच जीवन संपवलं. चिन्हांचा कोश त्याच वर्षी आला होता.

ड्रेफसच्या कामाला मर्यादाही आहेत. जो आणि जोसेफिन अमेरिकन होते, मापं मोठ्या प्रमाणात त्याच देशाची होती. सातारच्या मेडिकल दुकानातल्या काकांचा अंगठा त्या तक्त्यात नाही, आणि मराठी शब्दांना बटणात किती जागा लागते हेही नाही. ती मापं आपल्यालाच घ्यावी लागतील. पण घ्यावी लागतात, एवढं त्याने शिकवून ठेवलंय.

त्या गोंधळानंतर मी एक दिवस अशाच एका दुकानात काउंटरच्या आत उभा राहिलो. एका हातात गोळ्यांची पाकिटं, दुसऱ्या हातात फोन, डोक्यावर ट्यूबलाइट, स्क्रीनवर तिचा उजेड, समोर चार गिऱ्हाइकं. आमची राखाडी अक्षरं मलाच वाचता येईनात. तिथे दोन तासांत जे कळलं ते आमच्या तीन महिन्यांच्या मीटिंगांत कुणी बोललं नव्हतं.

आता त्या बटणावर परत मराठी शब्द आहेत, दोन ओळींत. अक्षरं काळी आणि जाड आहेत. दाबलं की आधी विचारतं, मागची ऑर्डर पुन्हा टाकायची का. दिसायला साधं आहे, त्याचा स्क्रीनशॉट कुणी शेअर केला नाही. परवा त्याच दुकानात गेलो होतो. काकांनी गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ऑर्डर टाकली आणि फोन खिशात ठेवला. अ‍ॅपबद्दल ते काहीच बोलले नाहीत.